धमनीचे अस्तर आणि ताटातले तेल

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४७ वर्षांच्या आहेत. त्यांच्या वडिलांना ५२व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. सात महिन्यांपूर्वीच्या तपासणीत त्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल (जे जास्त झाले तर धमन्यांच्या भिंतीत साठते) १६८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर निघाले. रक्तदाब आणि साखर ठीक होती. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी, स्टॅटिन गटातील गोळी सुचवली. त्याच सुमारास, संपृक्त मेदाम्ले (लोण्यासारख्या पदार्थांत अधिक असणारे स्निग्ध घटक) रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींना काही तासांत इजा करतात, असे त्यांनी वाचले. पुढे बियांच्या तेलांतील ओमेगा-६ या प्रकारची मेदाम्ले दाह वाढवतात, असेही वाचले. तेव्हापासून त्यांनी जवळजवळ सर्व स्निग्ध पदार्थ सोडले आहेत, त्या स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक करतात आणि माशाच्या तेलाच्या रोज चार कॅप्सूल घेतात. घरात यावरून कुरबुर होते. गोळी त्यांनी सुरू केलेली नाही. त्यांचे प्रश्न तीन आहेत: या पेशींसाठी कोणते मेदाम्ल सुरक्षित आहे? धमनी किती प्रसरण पावते याची चाचणी करून घ्यावी का? आणि ते अस्तर निरोगी ठेवता आले, तर गोळी टाळता येईल का?

प्रिय भगिनी,

वडिलांचे आजारपण ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला आपल्या रक्तवाहिन्यांची काळजी वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि तुम्ही ती काळजी नुसती उराशी न बाळगता वाचन केले, सवयी बदलल्या, हे मला मोलाचे वाटते. मात्र ज्या वाक्याने तुम्ही घाबरलात, ते वाक्य कुठे जन्माला आले याचा शोध तुम्ही घेतलेला दिसत नाही. ‘पामिटिक आम्ल अंतःस्तर पेशींना इजा करते’ हे वाक्य खोटे नाही. पामिटिक आम्ल हे एक संपृक्त मेदाम्ल आहे. पण ते वाक्य प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींविषयी आहे, आणि तुम्ही ते आपल्या धमनीविषयी आहे असे समजून सात महिने जगत आहात.

आधी या पेशींची ओळख करून घेऊ, कारण तुमची त्यांच्याविषयीची आस्था योग्यच आहे. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. त्याला एंडोथेलियम किंवा अंतःस्तर म्हणतात. हे अस्तर म्हणजे नळीला आतून लावलेला निर्जीव लेप आहे, असेच बराच काळ मानले जाई. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट आणि त्यांचे सहकारी जॉन झवाड्झकी यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर केलेले काम प्रसिद्ध केले. ॲसिटिलकोलीन हे रसायन दिल्यावर हे तुकडे कधी सैलावत, कधी उलट आकसत. फरक शेवटी एवढाच निघाला की, तुकडा तयार करताना आतला पृष्ठभाग चुकून घासला गेला असेल, तर तो सैलावत नसे. म्हणजे स्नायूला ‘सैल हो’ असा निरोप देणारे हे अस्तरच होते. तो निरोप नायट्रिक ऑक्साइड या वायूच्या रूपाने जातो, हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झाले आणि १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना त्या शोधासाठी मिळाले. धमनी रुंदावणे, रक्ताची गुठळी अकारण होऊ न देणे, पांढऱ्या पेशींना भिंतीवर चिकटू न देणे, रक्तातले काय भिंतीत जाईल यावर लक्ष ठेवणे, ही सगळी कामे हे अस्तर करते.

आता बशीकडे येऊ. मानवी अंतःस्तर पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत १९७३ च्या सुमारास रुळली. त्यासाठी नवजात बाळाच्या नाळेतील शिरेच्या पेशी वापरल्या गेल्या, आणि आजही बऱ्याच प्रयोगांत त्याच वापरतात. या पेशींवर पामिटिक आम्ल एकटेच आणि भरपूर ओतले, तर पेशीत सेरामाइड नावाचे स्निग्ध पदार्थ साठू लागतात, नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) चालना देणारी यंत्रणा मंदावते, दाहाचे संदेश सुरू होतात आणि पेशीच्या पृष्ठभागावर पांढऱ्या पेशींना पकडून ठेवणारे रेणू उगवतात. हे सारे खरे आहे आणि उपयुक्तही आहे, कारण आजारात काय बिघडू शकते याचा मार्ग त्यातून दिसतो.

पण शरीरात पामिटिक आम्ल कधीच एकटे येत नाही. त्याच बशीत पामिटिक आम्लासोबत ओलेइक आम्ल हे असंपृक्त मेदाम्ल घातले, तर इजा बरीच कमी होते, कारण ओलेइक आम्लाच्या संगतीत पेशी पामिटिक आम्लाला ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे साठवणीच्या मेदाच्या, थेंबात बांधून बाजूला ठेवू शकते. ओलेइक आम्ल काही दुर्मीळ औषध नाही. ऑलिव्ह तेलातल्या मेदाम्लांत त्याचेच प्रमाण सर्वाधिक असते, आणि आपल्या स्वतःच्या चरबीत तर ते भरपूर आहे. म्हणून ‘हे मेदाम्ल पेशीला घातक आहे का’ या प्रश्नाला ‘कोणाबरोबर आणि किती’ हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रातल्या गृहीतकाला छेद देते. जेवणातील स्निग्धांश आतड्यातून निघतो तो सुट्या मेदाम्लांच्या रूपात नव्हे; तो कायलोमायक्रॉन नावाच्या कणांत ट्रायग्लिसराइड म्हणून बांधलेला असतो. स्नायू आणि चरबीतल्या केशवाहिन्यांच्या अस्तरावर रोवलेले एक विकर त्यातून मेदाम्ले सोडवून आतल्या ऊतींकडे पाठवते. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून फिरणारी सुटी मेदाम्ले, ज्यांच्या नकलेसाठी बशीत पामिटिक आम्ल ओततात, ती प्रामुख्याने आपल्याच साठलेल्या चरबीतून येतात. उपाशीपोटी ती वाढतात आणि जेवणानंतर इन्सुलिनमुळे उतरतात. पोटाभोवती चरबी साठलेली असेल आणि शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसेल, तर ती हवी तेवढी उतरत नाहीत. शिवाय गरजेपेक्षा जास्त साखर आणि पिष्टमय पदार्थ खाल्ले, तर यकृत त्यांच्यापासून नवे मेद बनवते, आणि त्या कारखान्यातून बाहेर पडणारे मुख्य मेदाम्ल पामिटिक आम्लच असते. म्हणून मला तुम्हाला विचारायचे आहे: तेल आणि लोणी सोडल्यावर त्या जागी तुमच्या ताटात काय आले? तुम्ही पत्रात ते लिहिलेले नाही. जर ती जागा पांढरा ब्रेड, गोड दही आणि ‘शून्य चरबी’ असे लिहिलेल्या बिस्किटांनी भरून काढली असेल, तर ज्याला तुम्ही दारातून हाकलले, ते खिडकीतून आत आले असण्याची शक्यता आहे.

माणसांवर झालेले प्रयोग काय सांगतात, ते पाहू. दंडावरच्या धमनीचा रक्तप्रवाह पट्टा आवळून पाच मिनिटे थांबवायचा, मग सोडायचा आणि धमनी किती रुंदावते हे अल्ट्रासाउंडने मोजायचे, ही पद्धत १९९२ पासून वापरात आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दहा निरोगी स्वयंसेवकांना ५० ग्रॅम स्निग्धांश असलेले एक जेवण दिले, तेव्हा धमनीचे रुंदावणे पुढचे काही तास कमी झाले. ‘काही तासांत इजा’ हा शब्दप्रयोग बहुधा अशा अभ्यासांवरून तुमच्यापर्यंत आला असावा. पण ती घट तात्पुरती होती, आणि तात्पुरते मंदावणे म्हणजे इजा नव्हे. जड जेवणानंतर आपणही सुस्तावतो.

आठवड्यांच्या अभ्यासांतून अधिक शिकायला मिळते, आणि त्यांतले दोन मला विशेष महत्त्वाचे वाटतात. २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये २९ निरोगी स्त्री-पुरुषांना चार आठवडे संपृक्त मेदयुक्त आणि चार आठवडे ट्रान्स मेदयुक्त आहार दिला गेला. संपृक्त आहारानंतर धमनीचे रुंदावणे ६.२ टक्के होते, ट्रान्स आहारानंतर ४.४ टक्के. म्हणजे ज्या संपृक्त मेदाची तुम्हाला धास्ती आहे, त्याहूनही वाईट ठरले ते द्रव तेलावर अर्धवट हायड्रोजन चढवून बनवलेले मेद. दुसरा अभ्यास ब्रिटनमधला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. हृदयविकाराचा मध्यम धोका असलेल्या १९५ जणांमध्ये १६ आठवडे संपृक्त मेदाचा काही भाग काढून, काहींना ओलेइक आम्लाने समृद्ध आणि काहींना ओमेगा-६ ने समृद्ध आहार दिला. धमनीच्या रुंदावण्यात लक्षणीय फरक पडला नाही. एलडीएल मात्र संपृक्त आहाराच्या तुलनेत पहिल्या गटात सुमारे ११ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे १४ टक्के कमी झाले.

या निकालावर थोडे थांबावे अशी माझी विनंती आहे, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात दडलेली आहेत. आहारातली मेदाम्ले धमनीच्या अस्तरापर्यंत दोन वाटांनी पोहोचतात. एक वाट थेट आहे: मेदाम्ल, पेशी आणि पेशीतली रसायने. दुसरी वाट यकृतावरून जाते. संपृक्त मेद जास्त असले, की यकृत आपल्या पृष्ठभागावरचे एलडीएल टिपून घेणारे ग्राहक रेणू कमी करते. मग एलडीएलचे कण रक्तात अधिक काळ फिरत राहतात, अस्तर ओलांडून भिंतीत शिरतात, तिथे अडकतात, आणि वर्षानुवर्षे साठत जाणाऱ्या त्या कणांमुळे अस्तर खरोखर आजारी पडते. तुम्ही पहिल्या वाटेवर सगळे लक्ष केंद्रित केले आहे. ती वाट चटकन दिसते, छायाचित्रांत रंगीत उठून दिसते, आणि तिच्यावरच्या बातम्या वाचायला थरारक असतात. पण माणसाच्या आयुष्यात धमनीचे भवितव्य ठरवणारी, मोजता येणारी आणि बदलता येणारी वाट दुसरी आहे. तुमच्या अहवालातला १६८ हा आकडा त्याच वाटेवरचा आहे, आणि तो तुमच्या हातात सात महिने पडून आहे.

म्हणून ‘कोणते मेदाम्ल सुरक्षित’ यापेक्षा ‘कशाच्या जागी काय’ हे विचारा. लोणी, चीज, चरबीयुक्त मांस, पाम तेल आणि नारळाचे तेल यांत संपृक्त मेद अधिक असतात. त्यांच्या जागी सूर्यफूल, सोयाबीन, कॅनोला किंवा ऑलिव्ह यांसारखी द्रव तेले, सुकामेवा आणि मासे आले, तर फायदा होतो. त्याच जागी मैदा आणि साखर आली, तर एलडीएल थोडे उतरले तरी ट्रायग्लिसराइड वाढते आणि एकूण फायदा हाती लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अशी आहे की, रोजच्या एकूण ऊर्जेपैकी संपृक्त मेदांतून १० टक्क्यांहून अधिक आणि ट्रान्स मेदांतून १ टक्क्याहून अधिक ऊर्जा येऊ नये. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी संपृक्त मेदाची ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते. म्हणजे शून्य नव्हे. ट्रान्स मेदाच्या बाबतीत मात्र मी तुमच्याइतकीच कठोर आहे: वेष्टनावर ‘अंशतः हायड्रोजनीकृत’ असे लिहिलेले दिसले, तर ती वस्तू परत ठेवा.

ओमेगा-६ च्या भीतीविषयीही सांगते, कारण हा प्रश्न इतर वाचकही सतत विचारतात. युक्तिवाद असा असतो: बियांच्या तेलातील लिनोलेइक आम्लापासून अरॅकिडोनिक आम्ल बनते, त्यापासून दाहाचे रेणू बनतात, म्हणून ही तेले दाहकारक आहेत. प्रत्येक पायरी कागदावर बरोबर आहे, पण शरीर या जिन्यावरून धावत नाही. आहारातले लिनोलेइक आम्ल वाढवले, तरी रक्तातले अरॅकिडोनिक आम्ल फारसे वाढत नाही, आणि निरोगी माणसांवरच्या नियंत्रित प्रयोगांत दाहाचे निर्देशकही वाढलेले दिसत नाहीत. शिवाय त्याच अरॅकिडोनिक आम्लापासून अंतःस्तर पेशी प्रोस्टासायक्लिन बनवतात, जे धमनी सैलावते आणि प्लेटलेटना, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या रक्तातल्या सूक्ष्म कणांना, एकत्र गोळा होऊ देत नाही. १९७६ मध्ये लागलेला हा शोध १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचा भाग होता. ज्या रेणूला तुम्ही शत्रू समजता, त्याच्यापासून तुमचे अस्तर स्वतःचे संरक्षण विणते. जुन्या प्रयोगांपैकी अमेरिकेतल्या मिनेसोटातील, संपृक्त मेदाच्या जागी ओमेगा-६ ने समृद्ध तेल देणाऱ्या एका प्रयोगात, २०१६ मध्ये झालेल्या फेरतपासणीनुसार, कोलेस्टेरॉल उतरूनही मृत्यू घटले नाहीत, आणि त्याचा दाखला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. त्या प्रयोगात बहुतेक सहभागी फार थोडा काळ त्या आहारावर राहिले होते, हे तेव्हा लक्षात ठेवा. पुढे किमान दोन वर्षे चाललेल्या प्रयोगांचा एकत्र विचार करणाऱ्या कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात संपृक्त मेद कमी केल्याने हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटना सुमारे १७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

माशाच्या तेलाच्या चार कॅप्सूलविषयी मला खरी चिंता वाटते. बशीतल्या पेशींवर डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल पांढऱ्या पेशींना पकडणारे रेणू कमी करते, हे १९९४ पासून माहीत आहे, आणि ते वाचून कॅप्सूल घ्यावीशी वाटणे मी समजू शकते. पण ज्या कसोटीवर मी पामिटिक आम्लाची भीती घासून पाहिली, त्याच कसोटीवर ही आशाही घासायला हवी. २०१८ मध्ये ईपीए हे दुसरे ओमेगा-३ मेदाम्ल शुद्ध रूपात रोज ४ ग्रॅम देणाऱ्या एका मोठ्या चाचणीत हृदयघटना २५ टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र त्यात सहभागी झालेले लोक आधीच स्टॅटिन घेत होते, आणि तुलनेसाठी दिलेले खनिज तेल कितपत निरुपद्रवी होते यावर अजून वाद आहे. २०२० मध्ये ईपीए आणि डीएचए एकत्र देणाऱ्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत काहीही फायदा दिसला नाही. दोन्हींत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढला. बाजारात मिळणाऱ्या १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतात. म्हणजे तुम्ही घेता ते औषधी मात्रेइतके नाही, आणि त्याची गरज सिद्ध झालेली नाही. डॉक्टरांना विचारून ती बंद करा आणि आठवड्यातून दोनदा मासे खा. मासे खात नसाल, तर अक्रोड आणि जवस चांगले, पण त्यांतल्या ओमेगा-३ चे ईपीएत रूपांतर थोडेच होते आणि डीएचएत तर अगदीच नगण्य. अगदी हवेच असेल, तर शैवालापासून काढलेले तेल मिळते.

धमनीच्या चाचणीसाठी पैसे आणि मनःशांती खर्च करू नका. ती संशोधनासाठी उत्तम आहे, कारण तिथे अनेक माणसांची सरासरी काढली जाते. एका व्यक्तीत तिचे उत्तर दिवसाच्या वेळेनुसार, आधी काय खाल्ले-प्यायले यानुसार, मासिक पाळीच्या टप्प्यानुसार आणि मोजणाऱ्याच्या हातानुसारही बदलते. समजा तुमचे उत्तर छान आले, तर तुम्ही गोळी टाळाल. वाईट आले, तर आणखी घाबराल. दोन्ही निष्कर्षांना तो आकडा पुरेसा आधार देत नाही. त्याऐवजी दोन साध्या रक्तचाचण्या डॉक्टरांना सुचवा. लायपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्या कणांची पातळी जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असते, आहाराने फारशी बदलत नाही आणि बहुतेकांसाठी आयुष्यात एकदा तपासली तरी पुरते; वडिलांच्या इतिहासामुळे ती तुम्हाला माहीत असायला हवी. दुसरी थायरॉइडची, कारण थायरॉइड मंदावले की एलडीएल वाढते. रजोनिवृत्तीच्या सुमारासही ते वाढते, आणि तुमच्या वयात हे लक्षात घ्यायला हवे.

आता गोळी. वडिलांना ५५ वर्षांच्या आत झटका येणे, हे धोका मोजताना वेगळे धरले जाते. आहारातील चांगल्या बदलांनी एलडीएल १० ते १५ टक्के उतरले, तर १६८ चे सुमारे १४३ ते १५१ होईल. मध्यम मात्रेच्या स्टॅटिनने ते ३० ते ५० टक्के उतरते. ही दोन साधने एकमेकांच्या जागी बसवण्याजोगी नाहीत. आणि तुम्हाला ज्या अस्तराची इतकी काळजी आहे, त्यातील नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती स्टॅटिन सुधारते, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. मी तुमचे अहवाल पाहिलेले नाहीत आणि तुमच्या डॉक्टरांच्या जागी मला निर्णय देता येणार नाही, देऊही नये. पण ‘अस्तर जपायचे म्हणून गोळी नको’ हा तुमचा युक्तिवाद मात्र मला मान्य नाही. स्नायूदुखीची भीती असेल, यकृताची शंका असेल, आयुष्यभर गोळी घ्यावी लागेल याचे दडपण असेल, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा; कमी मात्रेपासून सुरुवात करणे किंवा औषध बदलून पाहणे, असे पर्याय त्यांच्याकडे असतात.

घरातल्या कुरबुरीबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिले आहे, पण ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. वेगळे भांडे मांडून जेवणारी व्यक्ती फार काळ त्या आहारावर टिकत नाही, आणि तिच्याकडे पाहून घरातले बाकीचे लोक हा आहार म्हणजे शिक्षा आहे असे ठरवून टाकतात. तुमच्या मुलाला आजोबांचा वारसा तुमच्याइतकाच लाभला असू शकतो. तेव्हा स्वयंपाकाचे तेल सर्वांसाठी एकच, द्रव आणि मापून घेतलेले असू द्या. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. लोणी रोज नको, पण घरातल्या एखाद्या आनंदाच्या दिवशी सर्वांबरोबर खाल्लेल्या पदार्थातून धमनी बिघडत नाही. जेवणानंतर सगळ्यांनी मिळून अर्धा तास चालायला जा. चालताना वाढणारा रक्तप्रवाह अस्तरावरून वेगाने सरकतो, आणि तो सरकता स्पर्श हीच त्या पेशींना नायट्रिक ऑक्साइड बनवण्याची मोठी प्रेरणा असते.

या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. जाताना सात महिन्यांपूर्वीचा अहवाल, कॅप्सूलची बाटली आणि गेल्या तीन दिवसांत खरोखर जे खाल्ले त्याची प्रामाणिक यादी सोबत ठेवा. एलडीएल आधी पुन्हा तपासून घ्या, कारण सात महिन्यांत ते कुठे गेले हे तुम्हाला ठाऊक नाही. गोळी सुरू झाली, तर साधारण सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी होईल. तो अहवाल आला की मला पुन्हा लिहा, आणि त्या वेळी ताटात कशाच्या जागी काय आले, तेही आवर्जून कळवा.